हरणांना चूलबंद आवतण

आमच्या समोरच्या घरातल्या सोपानआप्पांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक जेवलेली आणि एक जेवायची राहिलेली. जातगोत, पक्ष, सोसायटीतलं पॅनल हे सगळं त्यानंतर. न्हावऱ्याच्या शाळेवर मी शिक्षिका म्हणून हजर झाले, त्या दिवशी भाड्याच्या खोलीपुढं टेम्पोतून माझं सामान उतरत होतं. समोरच्या ओट्यावरून पांढऱ्याधोप कपड्यांतला एक ताडमाड म्हातारा उठला, रस्ता ओलांडून आला आणि नाव नाही, गाव नाही, थेट विचारता झाला, "बाई, जेवला का?"

"हो, झालं की," मी संकोचानं म्हटलं.

आप्पांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि तिथूनच आपल्या घराकडं आरोळी ठोकली, "हौसे, एक पान वाढ गं! बाई खोटं बोलत्यात."

ती आरोळी एसटी स्टँडपर्यंत गेली. पुढं कितीतरी दिवस किराणा दुकानात माझी ओळख "त्या खोटं बोलणाऱ्या बाई" अशीच होती. हौसाकाकींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत मात्र असं होतं, की बदनामी परवडली.

आप्पांचा ऊस होता, कांदा होता, गोठ्यात म्हशी होत्या. पण ते सगळं पोटापाण्यासाठी. त्यांचं खरं काम वाढप्याचं. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पंचक्रोशीतली पंगत आप्पांच्या ताब्यात. मंडळी बसली की हातात बादली घेऊन ते मधल्या वाटेनं निघत. कोण खरंच नको म्हणतंय आणि कोण लाजून नको म्हणतंय, हे त्यांना पानावरच्या हातावरून कळे. खरंच नको म्हणणाऱ्यालाही ते सोडत नसत, ही गोष्ट वेगळी. पानावर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांच्या फटीतून बुंदी वाढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सगळं वाढून झालं की ते मांडवाच्या मधोमध उभे राहत, छाती भरून घेत आणि गर्जत, "सावकाश होऊ द्याऽऽ मंडळी!" त्या आवाजानं मांडीवरची लेकरं दचकून रडायला लागत आणि खरोखर सावकाश जेवणाऱ्यांचाही घास पटकन खाली उतरे.

स्वतः मात्र आप्पा कधी पंगतीला बसले नाहीत. वाढप्यानं शेवटी जेवायचं, हा नेम. शेवटी म्हणजे भांडी घासायला निघाली की. चुलाणाजवळ उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाचा भात आणि त्यावर आमटी. सोबतीला मन्सूरचाचा. हे गावातले जुने आचारी. लग्नघर हिंदूचं असो की मुसलमानाचं, चुलाण चाचांचं आणि पंगत आप्पांची, असं दोघांचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. मैत्री सगळी भांडणावर उभी. "तुझ्या आमटीत मीठ कमी हाय," आप्पा म्हणत. "आन् तुझ्या आवाजानं माझं दूध नासतंय, त्याचं काय?" चाचा म्हणत.

हे वेड कुठल्या थराला गेलं होतं, ते हौसाकाकी फार मजेनं सांगत. पुतण्याच्या लग्नाला सगळे नदीपलीकडं राहूला गेले. आप्पा नवऱ्यामुलाचे चुलते, म्हणजे मानाचे पाहुणे. त्यांना पाटावर बसवलं, टिळा लावला, पुढं पान मांडलं. तिथल्या वाढप्यानं मठ्ठा आधी आणला आणि जिलबी मागं ठेवली. आप्पांनी थोडा दम धरला, चुळबुळ केली आणि मग ते पाटावरून उठले, वाढप्याच्या हातातली परात घेतली आणि सरळ वाढायलाच लागले. मुलीकडच्यांना वाटलं, व्याही रुसले! मुलीचा बाप हात जोडून मागं मागं, "आप्पा, काय चुकलं ते सांगा," आणि आप्पा पुढं पुढं, "तुमी बसा वं, जिलबी गार होतीया." हे सांगताना काकी पदरानं डोळे पुसत. "ह्यांनी त्या बापालाबी खाली बसवलं आन् वाढलं! त्यो बिचारा रडत रडत जेवला."

मग बुफे आला. कोरेगाव भीमाला, हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात आमच्या गावातल्या मुलीचं लग्न होतं. आप्पा कडक इस्त्रीचे कपडे घालून, कानात अत्तराचा फाया खोवून, बाह्या वर करूनच आत शिरले. पाहतात तर लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे, आणि टेबलामागून कुणी चिमट्यानं एकेक गुलाबजाम टाकतंय. आप्पांनी टाय लावलेल्या एका पाहुण्याचा खांदा धरला. "बसा पावणं, बसा. उभ्यानं घोडं खातंय." त्यांच्या आवाजाला नाही म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. बघता बघता हॉलचा एक अख्खा कोपरा सुटाबुटात गालिच्यावर मांडी घालून बसला. मग कॅटरिंगचा मॅनेजर आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, प्लीज. सर्व्हिस आमची आहे."

आप्पांनी बाह्या खाली केल्या. परतीला आम्ही एकाच जीपमध्ये होतो. घरापुढं उतरताना त्यांनी मला जेवला का म्हणूनही विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

त्यानंतर आप्पा ओट्यावर बसून राहायला लागले. मोठी पितळी बादली माळ्यावर गेली. आणि असं सगळं चाललेलं असताना एका उन्हाळ्यात आमच्या शाळेत हरणी शिरली.

सकाळची प्रार्थना चालू होती. कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवरून तिनं उडी मारली आणि मुलांच्या दोन रांगांच्या मधून ती सुसाट गेली. मागं गावातली कुत्री. मुलांनी प्रार्थना सोडून कुत्र्यांवर चपला फेकल्या, मीही फेकली. हरणी पलीकडच्या भिंतीवरून माळाच्या अंगाला पळाली आणि वाचली. गेटवर दुधाची किटली घेऊन उभ्या असलेल्या आप्पांनी हे सगळं पाहिलं. सगळ्या गावाला आनंद झाला होता, आप्पांचाच चेहरा उतरला होता.

"वर माळावर गवताची काडी ऱ्हायली न्हाई," ते म्हणाले. "पोटासाठी खाली आली व्हती ती. आपल्या गावात उपाशी आली आन् उपाशी गेली, बाई."

संध्याकाळी पितळी बादली माळ्यावरून खाली आली. काकी ती चिंचेनं घासत होत्या आणि आप्पा स्टँडवरच्या चहाच्या टपरीत जाहीर करत होते, की माळावर हरणांची पंगत बसणार. "मंडळी माझ्या पंगतीला जेवली न्हाईत, तर परत बादलीला हात लावणार न्हाई. आन् जेवला का म्हणून कुणाला इचारणारबी न्हाई."

"या अल्ला," मन्सूरचाचा म्हणाले, "गाव गपगार हुईल की."

टपरी हसली. पण काकींना ही शपथ कळली तेव्हा त्यांचा घासणारा हात थांबला. आप्पा दिलेला शब्द फिरवत नसत. आणि जेवला का विचारायचं नाही म्हटल्यावर या माणसानं दिवसभर बोलायचं तरी काय?

वनखात्याच्या गार्ड मॅडम मोटारसायकलवरून माळावर येत. त्यांनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं. हल्ली माळावरच्या पाणवठ्याला खात्यातर्फे चारा टाकायचा विचार चाललाच होता. त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि आप्पांना हाताशी घेतलं. अटी घातल्या. चारा गावापासून लांब टाकायचा, रोज थोडाच, आणि पाऊस पडून गवत फुटलं की बंद. "आणि आप्पा," त्या शेवटी म्हणाल्या, "फार माया करू नका." एवढं एक वाक्य सोडून आप्पांनी सगळं ऐकलं.

पंगत म्हटली की आधी आवतण आलं. आप्पा हळदीकुंकू लावलेल्या अक्षता घेऊन माळावर गेले. मी आणि चाचा मागं. एका उंच दगडावर अक्षता ठेवून त्यांनी चारी दिशांना तोंड करून पुकारा केला, "समद्या मंडळींनी चूलबंद यावं होऽऽ!" चूलबंद म्हणजे घरातली चूलच पेटवायची नाही, सगळं कुटुंब जेवायला आमच्याकडं.

चाचांनी कपाळावर हात मारला. "आप्पा, त्यांच्यात चूल हायच कुठं बंद कराया?"

"रीत ती रीत," आप्पा म्हणाले.

त्या पुकाऱ्यानं माळावर जी काही हरणं होती, ती बहुतेक शेजारच्या तालुक्यात गेली असावीत.

पहिला बेत गुळाच्या लापशीचा. चाचा कुरकुरत का होईना, पण तूप घालून रांधते झाले. लापशी माळावर पोचली आणि तासाभरात गावातली तमाम कुत्री, कावळे आणि एक मेंढपाळ जेवून गेले. मेंढपाळानं तर "आप्पा, लापशी झ्याक झाली" असा निरोपही पाठवला. गार्ड मॅडम आल्या त्या तापूनच. शिजवलेलं, गोडधोड, धान्य काही चालणार नाही, हरणाचं पोट फुगतं, ते मरतं. लसूणघासाचा हिरवा चारा द्या, बाभळीच्या शेंगा द्या. आप्पा हादरले. त्यांच्या पंगतीतून उठून आजवर कुणी मेलं नव्हतं.

लसूणघास आला, शेंगा आल्या. तरी हरणं येईनात. आप्पांनी विचार केला, पाहुण्यांना उन्हात कसं बसवायचं? मांडव पाहिजे. चार बांबू रोवले, काकींच्या जुन्या साड्या मागून घेतल्या आणि लाल, पिवळ्या, जांभळ्या साड्यांचा असा देखणा मांडव घातला की माळाला बारशाची कळा आली. साड्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. हरणं लांब टेकाडावर उभी राहायची, मांडवाकडं बघायची आणि वळून जायची.

एका संध्याकाळी मन्सूरचाचा त्या मांडवापुढं उभे होते. एकाएकी ते मटकन खाली बसले आणि हसायला लागले. इतकं हसले की त्यांना ठसका लागला.

"आप्पा," ते कसेबसे म्हणाले, "तुझ्या कांद्याच्या वावराला कडंनं काय बांधलंय रं?"

आप्पांनी आ वासला. गावातला प्रत्येक शेतकरी हरणांनी पिकात येऊ नये म्हणून बांधावर जुन्या साड्याच बांधतो. गेली कितीतरी वर्षं आप्पांनीही बांधल्या होत्या, आणि तसल्याच साड्यांचा मांडव घालून ते त्याच पाहुण्यांची वाट बघत बसले होते! त्या दिवशी आम्ही तिघं हसत हसत साड्या सोडत होतो, आणि मध्येच आप्पा थांबून स्वतःशीच म्हणत होते, "म्हंजी आमी त्यांना इतकी वर्सं येऊ नका, येऊ नका म्हणत व्हतो."

मांडव गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घास संपलेला होता. पाणवठ्याच्या ओल्या मातीत नाजूक खूर उमटले होते. आप्पा त्या खुरांभोवती बेभान होऊन फिरले. पण समाधान होईना. गावात लोक म्हणायचे, शेळ्यांनी खाल्लं असेल. आणि आप्पांचंही म्हणणं होतं, की पंगत जेवली हे यजमानानं डोळ्यांनी बघायचं असतं. मग ते रोज तिन्हीसांजेआधी माळावर जाऊन उभे राहायला लागले.

एकदा हरणं आली. आम्ही टेकाडाच्या उताराला होतो. एक शिंगवाला नर पुढं आला, त्यानं घासाच्या ढिगाचा ताबा घेतला आणि जवळ येईल त्या मादीला शिंगं दाखवून हाकलायला सुरुवात केली. आप्पा खवळले. "ह्यो तर वरबाप हाय! एकटाच खातोय." दुसऱ्या दिवसापासून एका ढिगाऐवजी लांबलांबवर छोटे छोटे ढीग पडायला लागले. अगदी ओळीत, मध्ये वाढप्याची वाट सोडून. नर एका पानावरून दुसऱ्या पानावर धावून धावून दमला आणि शेवटी मुकाट्यानं आपल्या जागी खायला लागला. माद्या आल्या, त्यांच्यामागं एक पाडस आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंगत बसली!

आणि मला काही कळायच्या आत आप्पांनी छाती भरून घेतली.

"सावकाश होऊ द्याऽऽ मंडळी!"

डोळ्याचं पातं लवायच्या आत माळ मोकळा झाला. पाडस तर हवेतच वळलं असेल. आप्पा तसेच हात पसरून उभे. "तोंडातनं गेलं वं," ते म्हणाले. मी हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण चाचा आधीच जमिनीवर लोळत होते.

त्यानंतर मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. आप्पा दिसले की हरणं येईनात. ते लांब उभे राहिले, झुडपामागं उभे राहिले, तरी येईनात. गार्ड मॅडमनी समजावलं, "तुमचे कपडे पांढरे, ते लांबून चमकतात. अत्तराचा वास वाऱ्यावर जातो. आणि तुम्ही टक लावून बघता. टक लावून बघणारा त्यांच्या लेखी लांडगाच."

"म्या लांडगा?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला साऱ्या जगानं पोटभर जेवावं असं वाटतं, त्याला हे ऐकावं लागलं. ते घरी आले, बादली कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. पाऊस जवळ आला होता. गवत फुटलं की पंगत बंद होणार होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावरून शाळेला गेले, तर त्यांनी मान वर करून मला पाहिलं, ओठ हलवले आणि काहीच विचारलं नाही.

त्यातच माझ्या बदलीचा हुकूम आला, नदीपलीकडं राहूला. निरोपाच्या आदल्या दिवशी काकींनी मला जेवायला बोलावलं. आप्पा सवयीनं समोर उभे राहून माझ्या पानाकडं बघत होते. काकी एकदम म्हणाल्या, "अवो, बसा की जरा. तुमी असं समोर हुबं ऱ्हायला की घास जात न्हाई."

"बाईंचा?"

"माझाबी. लगीन झाल्यापासनं." काकींनी तवा उतरवला. "जेवणाऱ्याकडं बघू ने. त्याच्यासंगं जेवाया बसावं. जेवत्या माणसाचं कुणाला भ्या वाटत न्हाई, मग जनावराला कशापाई वाटंल?"

आप्पांनी कोपऱ्यातली बादली उचलली. मग म्हणाले, "हौसे, भाकऱ्या बांध."

माझं जेवण अर्धंच राहिलं आणि त्याची त्यांना शुद्धही नव्हती. मन्सूरचाचांना बोलावून घेतलं आणि आम्ही चौघं माळावर निघालो. आप्पांनी मन्सूरचाचांचा मातकट सदरा घातला होता. तो त्यांना पोटापर्यंतच येत होता. अत्तर नाही, टोपी नाही. वारा समोरून येत होता. ओळीत पानं मांडून झाली आणि आम्ही पुष्कळ लांब, उताराला तरवडाच्या झुडपाआड बसलो. आप्पा हरणांच्या वाटेकडं पाठ करून बसले आणि मी त्यांच्यासमोर, म्हणजे त्यांच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं.

काकींनी वाढायला घेतलं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. आप्पा मांडी घालून बसलेले आणि दुसरं कुणी त्यांना वाढतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनाही ते जमत नव्हतं. चटणी पुरे म्हणून त्यांनी पानावर हात आडवा धरला, तर काकींनी त्यांच्या बोटांच्या फटीतून चटणी सोडली. चाचा तोंडात घास असताना हसले आणि काकींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

मग टेकाडावर कान दिसले.

माझा चेहरा बघून आप्पांचा घास हातातच राहिला. "आली का, बाई?" त्यांनी ओठातल्या ओठात विचारलं.

"आली."

"त्यो वरबाप?"

"कडेला आहे. त्याच्या पानावर."

"आन् बारकं?"

"आईजवळ. आप्पा, घास घ्या, थांबू नका."

त्यांनी घास घेतला. हरणं उतरत होती. एकेक पान धरून उभी राहत होती. "जेवत्यात?" त्यांनी विचारलं. "जेवताहेत," मी म्हटलं. आप्पांची मान वळायला लागली, तेव्हा काकींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी मान सरळ केली आणि पिठल्यात भाकरी बुडवली. डोळे गळत होते आणि ते जेवत होते. दुसऱ्या दिवशी माझा टेम्पो निघाला, तेव्हा आप्पा घास कापायला रानात गेले होते. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, तोकड्या सदऱ्यात, पंगतीला बसलेलं.

तर त्या पंगतीतच एकदम त्यांची छाती भरून आली. तो श्वास आम्ही तिघंही ओळखत होतो. चाचांनी डोळे मिटून घेतले. काकींनी माझं मनगट घट्ट धरलं.

आप्पांनी मान आणखी खाली घातली आणि आपल्या पानातल्या भाकरीला सांगावं इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मंडळी."

एका हरणीनं कान हलवला आणि ती खात राहिली.